मालव्याच्या ढेकळाचंही एकदा सीटी स्कॅन करा

प्रति,
संचालक, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, इंदूर
संचालक, सोयाबीन संशोधन संस्थान, खंडवा रोड, इंदूर
अधिष्ठाता, कृषी महाविद्यालय, इंदूर

सन्माननीय महोदय,

तीस वर्षं मी इंदूरच्या एका रुग्णालयात सीटी स्कॅनचं यंत्र चालवलं. त्या टेबलावर हजारो माणसं झोपवली. माणसाच्या जागी माती ठेवली ती एकदाच, आणि त्या दिवशी पडद्यावर जे दिसलं त्यामुळे हे पत्र लिहितो आहे. पत्राची हिंदी प्रत तुमच्या तिन्ही कार्यालयांना टपालाने पाठवली आहे. मराठी पत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवतो, कारण इंदूर, देवास, उज्जैन या पट्ट्यात शहरात नोकरी आणि गावाकडे थोडी जमीन अशी मराठी घरं पुष्कळ आहेत. हा विषय त्यांच्याही बांधावरचा आहे.

आमची जमीन सांवेर तालुक्यात. काळी, भारी, खोल. ‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर’ म्हणतात त्यातली. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू किंवा हरभरा. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ऑगस्टमध्ये चार दिवसांची झड लागली आणि उघडीप झाल्यावर आमच्या सोयाबीनचा एक लांब पट्टा पिवळा पडला. पट्टा सरळ, जणू पट्टी लावून आखलेला. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर वळतात, जातात-येतात तोच तो भाग. त्याच्यापासून वीस पावलांवर, बांधालगतचं पीक हिरवंगार. बियाणं एक, खत एक, पाऊस तर एकच.

मी दोन्हीकडची माती तपासायला दिली. अहवाल जवळजवळ सारखे आले. सामू सारखा, सेंद्रिय कर्बात नाममात्र फरक, जस्त दोन्हीकडे कमी. प्रयोगशाळेची यात काही चूक नव्हती. तिला जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिने दिलं.

पुढे दिवाळीच्या सुमाराला आमच्या यंत्राची देखभाल झाली. देखभालीनंतर फँटम, म्हणजे चाचणीसाठीचं पाण्याने भरलेलं नळकांडं, ठेवून यंत्राचं माप तपासतात. ते झाल्यावर रुग्ण घ्यायला अजून तासभर होता. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना मी आधीच विचारून ठेवलं होतं. दहा सेंटिमीटर व्यासाचे, फूटभर लांबीचे दोन पीव्हीसी पाइप लाकडी ठोकळा ठेवून शेतात सरळ ठोकले होते, भोवतीची माती खणून अलगद काढले होते आणि दोन्ही तोंडं प्लास्टिकने घट्ट बांधली होती. एक पिवळ्या पट्ट्यातला, एक बांधाजवळचा. ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि हाडं बघायची ‘खिडकी’, म्हणजे दाट भाग नीट दिसतील अशी चित्राची जुळणी, लावून चित्र काढलं.

पिवळ्या पट्ट्यातल्या पाइपात वरचे चार-पाच इंच भुगा होता. रोटाव्हेटरने केलेला, एकसारखा, रव्यासारखा. त्याच्याखाली एक पांढराफटक थर. आमच्या चित्रांत पांढरं म्हणजे दाट. त्या थरात उभं भोक जवळजवळ नव्हतंच, होत्या त्या बारीक आडव्या चिरा, एकावर एक पापुद्रे रचावेत तशा. बांधाच्या पाइपात मात्र वरपासून खालपर्यंत काळ्या वाटा उतरलेल्या. मुळं कुजून राहिलेल्या नळ्या, गांडुळांची बिळं, त्यांना फुटलेले फाटे, ढेकळांच्या मधल्या फटी. कानामागच्या हाडात हवेच्या ज्या बारीक पोकळ्या असतात, एकमेकींना जोडलेल्या, त्यांची आठवण झाली. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “या पहिल्या पाइपाला श्वासच घेता येत नाहीये.”

निदान म्हणून ते पुरेसं होतं. शास्त्र म्हणून नव्हतं, हे मला कळतं. दोन पाइपांवरून कुणी निष्कर्ष काढू नये. पण तुमच्या तिघांच्या ताब्यात जे आहे त्यातून दोन हजार पाइप बघता येतील. माझं मागणं तेवढंच आहे आणि ते का, हे सविस्तर सांगतो.

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 मध्ये सुरू झाली. कार्डावर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या योजनेमुळे आमच्या गावातल्या लोकांनी पहिल्यांदा मातीचा कागद हातात धरला. मी तिला नावं ठेवणार नाही. पण नमुना कसा घेतात ते बघा. इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा करायचा, त्याच्या कडेची वीतभर माती खरवडायची, दहा-पंधरा ठिकाणची एकत्र करायची, सावलीत वाळवायची, लाकडी खलात कुटायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची. पुढच्या रसायनासाठी हे सगळं योग्यच आहे. मात्र घराची तपासणी करायला घर पाडून विटा मोजाव्यात तसं ते होतं. किती विटा आहेत ते बरोबर कळतं. दार कुठे होतं, खिडकी होती की नाही, जिना वरपर्यंत जात होता का, ते कायमचं जातं. आमचा पिवळा पट्टा विटांनी आजारी नव्हता. त्याची दारं-खिडक्या बंद होत्या.

आपल्या भाषेत यासाठी एक शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिकट राहत नाही, कोरडीही झालेली नसते, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर फुटतो, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. ‘वाफसा आला का?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पेरणी नाही, वखर नाही, कोळपणी नाही. वाफसा ही जमिनीतल्या पोकळ्यांची अवस्था आहे. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरून तिथे हवा आलेली असते आणि बारीक पोकळ्यांत पाणी धरून राहिलेलं असतं. ही गोष्ट नत्र-स्फुरदाच्या आकड्यात येत नाही, आणि टोमोग्राफीत, म्हणजे सीटी स्कॅनच्या तंत्रात, मात्र नेमकी हीच दिसते.

कशी, तेही थोडक्यात सांगतो, कारण माझ्या गावातली मुलंही हे वाचणार आहेत. एक्स-रेच्या साध्या फिल्मवर सगळं एकावर एक पडतं. सीटीमध्ये एक्स-रेचा झोत वस्तूभोवती फिरतो किंवा वस्तू झोतात फिरते, शेकडो कोनांतून सावल्या घेतल्या जातात आणि त्या सावल्यांवरून आतल्या प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढतात. हे गणित योहान राडॉन यांनी 1917 मध्येच मांडलं होतं. यंत्र झालं गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या हातून. 1971 मध्ये पहिल्या रुग्णाचं डोकं स्कॅन झालं आणि 1979 मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळालं. त्यांच्या नावाच्या मापात पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे एक हजार. मातीत हवा, पाणी आणि खनिज कण या तिघांचे आकडे वेगवेगळे येतात, म्हणून पोकळी हवेने भरली आहे की पाण्याने हे वेगळं काढता येतं.

माती या यंत्राखाली यायला फार वर्षं लागली नाहीत. अमेरिकेतल्या संशोधकांनी सीटीवरून मातीची घनता काढल्याचं 1982 मध्ये प्रसिद्ध केलं. ब्राझीलच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने त्याच दशकात साव कार्लोस इथे मातीसाठी स्वतःचं छोटं टोमोग्राफ बांधलं. विकत घेणं परवडत नव्हतं म्हणून बांधलं, आणि त्याने जमिनीतलं पाण्याचं चलनवलन बघितलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाने 2014 मध्ये मुळं आणि माती बघण्यासाठी खास केंद्र उघडलं आणि त्याला हाउन्सफील्ड यांचं नाव दिलं. ते त्याच परगण्यात जन्मले होते. तिथे कुंडीतलं रोप उपटावं लागत नाही. तेच रोप, तीच मुळं, आठवड्यामागून आठवडा बघतात.

आता इंदूरकडे वळतो. सर हाउन्सफील्ड यांच्या परगण्याला मातीचं स्कॅन सुचलं, मग आपल्या गावाचा तर या विषयावर जुना हक्क आहे. अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड 1924 मध्ये इथे आले. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांची वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. कृषी महाविद्यालयाचा परिसर त्याच संस्थेचा वारसा आहे. ज्याला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ते कंपोस्ट इथे तयार झालं, आणि 1931 च्या त्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचंही नाव आहे. वाड या संस्थेत रसायनाचं काम बघत. त्यांचं नाव आपण इंदूरकर पुरेसं घेत नाही. हॉवर्ड दांपत्याचा मुळांना हवा मिळण्यावर बिहारमधल्या पुसाला असल्यापासून भर होता. ढीग किती उंच रचायचा, कधी पलटायचा हे सगळं ते आत हवा खेळती राहील या हिशेबाने ठरवत. जमिनीच्या आत बघायला त्यांच्याकडे फावडं आणि डोळे होते.

आज प्रगत तंत्रज्ञान केंद्राकडे इंडस-2 आहे. अडीच गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचं, पावणेदोनशे मीटरच्या आसपास परिघाचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून प्रखर एक्स-रे मिळवायचं यंत्र, आणि त्यावर प्रतिमांसाठीची स्वतंत्र किरणवाहिनी, जिथे सूक्ष्म टोमोग्राफी होते. देशभरातले संशोधक प्रस्ताव पाठवून तिथे वेळ घेतात. आणि ही सगळी यंत्रणा काळ्या मातीच्या पठारावर उभी आहे. केंद्राच्या फाटकाबाहेर जी माती बुटाला चिकटते तीच आमच्या वावरात आहे. सोयाबीन संस्थान, कृषी महाविद्यालय आणि हे केंद्र एकाच शहरात आहेत. सकाळी काढलेला नमुना दुपारी किरणासमोर ठेवता येईल असं भाग्य देशातल्या दुसऱ्या कुठल्या सोयाबीनच्या शेताला आहे?

सकाळ-दुपारचा मुद्दा मी सहज लिहिलेला नाही. काळ्या मातीतला चिकणगाळ पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. मे महिन्यात आमच्या शेतात भेगा पडतात त्यांत अख्खा हात जातो; जुलैत त्याच भेगा मिटून जमीन सपाट होते. असा नमुना दोन दिवस गाडीत राहिला, वाटेत सुकला, तर पाइपाच्या भिंतीपासून सुटतो, त्याला नव्या चिरा पडतात आणि आपण वेगळ्याच मातीचं चित्र काढतो. तांबड्या किंवा रेताड जमिनीला इतकी घाई नसते. म्हणून मालव्याच्या मातीचं स्कॅन मालव्यातच व्हायला हवं.

सोयाबीनलाच याची गरज जास्त का? ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पाण्यातून पसरतो. पोकळी पाण्याने भरून राहिली की मुळाची आणि गाठींची घुसमट होते. गाठींतल्या जिवाणूंचं नत्र धरण्याचं काम मंदावतं आणि पान पिवळं पडतं. शेतकरी युरिया टाकतो. ते पाणी उतरायला वाट हवी, आणि वाटेच्या बाबतीत निसर्गाचा हिशेब फार एकतर्फी आहे: नळीचा व्यास दुप्पट झाला तर त्याच दाबाखाली तिच्यातून सोळापट पाणी वाहतं. त्यामुळे गांडुळाचं एक उभं, सलग बीळ शेकडो बारीक छिद्रांचं काम करतं. दोन शेतांत एकूण पोकळी सारखीच भरली तरी एकात ती जोडलेली आणि दुसऱ्यात तुटलेली असू शकते. वजन-आकारमानाच्या जुन्या मापाने दोन्ही सारखीच दिसतील. जोडणी दिसते ती टोमोग्राफीतच.

या तंत्राच्या मर्यादाही मला माहीत आहेत, आणि त्या लपवून मागणी करणं मला पटत नाही. नमुना जितका मोठा तितका तपशील कमी. रुग्णालयातल्या यंत्रात फूटभर पाइप मावतो, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं काही नीट कळत नाही. टेबलावरच्या सूक्ष्म सीटीत पाच सेंटिमीटरचा नमुना घेतला तर केसाच्या जाडीपेक्षा थोडं बारीक दिसतं. सिंक्रोट्रॉनच्या किरणात काही मिलिमीटरचा कणच ठेवता येतो, मग तो आतून सविस्तर उलगडतो. मोठ्या नमुन्यात कडा उगाच उजळ दिसतात, पट्टे उमटतात. डोक्याच्या स्कॅनमध्ये जाड हाडापाशी ते मी रोज बघत होतो. एकाच ऊर्जेचा किरण वापरला तर ती खोट जाते, आणि तो तुमच्या केंद्रात आहे. चिकणगाळाच्या पापुद्र्यांमधल्या अतिसूक्ष्म पोकळ्या, ज्यांत आपल्या मातीचं बरंचसं पाणी धरलेलं असतं, त्या कशातच दिसत नाहीत. ओलं मूळ आणि पाणी यांचे आकडे जवळजवळ येतात. आणि कुठल्या आकड्याच्या खाली ‘पोकळी’ म्हणायचं ही रेघ शेवटी माणूस ओढतो किंवा माणसाने निवडलेली आज्ञावली. 2010 मध्ये काही संशोधकांनी मातीच्या त्याच त्या प्रतिमा वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे दिल्या तेव्हा सच्छिद्रतेची उत्तरं एकमेकांपासून फार लांब आली होती. म्हणून एकट्या भौतिकशास्त्रज्ञाने हे करू नये, एकट्या कृषिशास्त्रज्ञानेही नाही. रेघ ओढताना शेजारी कुणी तरी असा हवा ज्याने ती जमीन ओली असताना तुडवली आहे.

तर माझ्या मागण्या. प्रगत तंत्रज्ञान केंद्राने प्रतिमांच्या किरणवाहिनीवर दर हंगामात मालव्याच्या मातीसाठी थोडा वेळ राखून ठेवावा आणि प्रस्ताव लिहायला कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना मदत करावी. त्यांना जमीन कळते, अर्ज भरायची भाषा कळत नाही. सोयाबीन संस्थानाने आपल्या प्रयोगाच्या वाफ्यांतून त्याच त्या जागांचे नमुने मे, जुलै, सप्टेंबर आणि गहू पेरायच्या वेळी असे चारदा द्यावेत. रुंद वरंबा-सरीची शिफारस तुम्ही वर्षानुवर्षं करता आहात, तिने झडीत पीक वाचतं हे आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे. वरंब्याच्या खाली वीतभर खोल काय बदलतं ते आता दाखवा. तीन-चार वर्षांतून एकदा खोल नांगरट करा असं सांगितलं जातं. त्या नांगरटीने मोकळा झालेला थर किती पावसाळे मोकळा राहतो? ओल्या रानात हार्वेस्टर एकदा फिरला तर किती खोलवर दाबतो? बांधावरच्या गवताच्या मुळांनी केलेल्या वाटा नांगर लागल्यावर किती दिवस टिकतात? डिझेल जाळायचं की नाही, हे आम्हाला या उत्तरांवरून ठरवायचं आहे.

मधल्या आकारासाठी आणखी एक सुचवतो. इंदूरमध्ये मोठमोठी रुग्णालयं आहेत आणि ती जुनी सीटी यंत्रं बदलून नवी घेतात. त्यातलं चालू स्थितीतलं एखादं यंत्र कृषी महाविद्यालयाला मिळू शकतं. रुग्णाच्या निदानासाठी जे जुनं झालं ते फूटभर पाइपासाठी उत्तम असतं. अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागेल, शिशाच्या भिंतीची खोली लागेल, प्रशिक्षित माणूस लागेल. हे सगळं मी केलेलं काम आहे. माझ्यासारखे निवृत्त तंत्रज्ञ या शहरात आणखी आहेत. आम्ही येऊन मुलांना शिकवू, मानधन नको. चालू रुग्णालयात, रुग्णांच्या टेबलावर, माझ्यासारखं माती ठेवायला मात्र मी कुणाला सांगणार नाही. ते यंत्र रुग्णांचं आहे.

प्रत्येक शेतकऱ्याच्या शेताचं स्कॅन व्हावं असं माझं म्हणणं नाही. ते होणारही नाही. स्कॅनने फावड्याला शिकवावं, एवढंच हवं आहे. फावड्याने वीतभर माती अखंड उचलायची, हाताने उकलायची, ढेकूळ कसं फुटतं, मुळं कुठे वळतात, वास कसा येतो यावरून एक ते पाच गुण द्यायचे, अशी पद्धत जगात रूढ आहे. काळ्या मातीसाठी, आपल्या वाफशासाठी, तिचे गुण स्कॅनशी ताडून बसवून द्या. मग कृषी सेवक गावात येईल तेव्हा बारा आकड्यांच्या शेजारी तेरावा आकडा जमिनीच्या घडणीचा लिहू शकेल, आणि तो लिहायला त्याला फावड्यापलीकडे काही लागणार नाही. प्रतिमाही कुलूपबंद ठेवू नका. माझ्या त्या दोन पाइपांचं चित्र मी मोबाइलवर गावात दाखवलं. आमच्या शेजाऱ्यांना मातीपरीक्षणाचा कागद कधी समजला नव्हता, हे चित्र त्यांना क्षणात समजलं. त्या वर्षी त्यांनी हार्वेस्टरवाल्याला दोन दिवस थांबवून ठेवलं, रान सुकेपर्यंत.

आमच्या पट्ट्यात गेल्या हंगामापासून ताग पेरून गाडतो आहोत आणि ट्रॅक्टरची वाट एकाच बाजूने बांधून दिली आहे. पीक थोडं सुधारल्यासारखं वाटतं. पण थर फुटला की वरवर झाकला गेला हे वरून बघून कळत नाही, आणि मला ते कळून घ्यायचं आहे. पाइप कापून, कडा घासून ठेवले आहेत, या वेळी सहा. पहिल्या पावसानंतर वाफसा येईल त्या दिवशी सकाळी मी ते ठोकीन. त्या दिवशी दुपारी ते घेऊन तुमच्यापैकी कुणाच्या फाटकाशी यायचं, तेवढं कळवा.

आपला,
सांवेर तालुक्यातला एक शेतकरी आणि निवृत्त सीटी तंत्रज्ञ
इंदूर